काय वाचायलाव सध्या? अर्ध्यावर असलेल्या पुस्तकावर गप्पा कशा जमवायच्या

आमच्याकडं "काय करायलाव?" असं विचारतात. पुण्याकडचा पाहुणा पहिल्यांदा हे ऐकतो तेव्हा पुढच्या शब्दाची वाट बघत उभा राहतो. करायला... काय? पण मराठवाड्यात ते वाक्य तिथंच पूर्ण होतं. जेवायलोय, जायलोय, वाचायलोय. काम हातात आहे, अजून उरकलेलं नाही. पुस्तकांबद्दल बोलण्यासाठी याच्याइतकं नेमकं क्रियापद मला दुसरं माहीत नाही.

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझं कृषी सेवा केंद्र आहे. जूनमध्ये भाकरी खायला फुरसत नसते आणि फेब्रुवारीत दिवसाला चार गिऱ्हाइकं येतात, त्यातली दोन उधारीची तारीख वाढवून मागायला. बिलबुकाच्या खाली कायम एक पुस्तक असतं. गेली पाच वर्षं महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आम्ही सात-आठ जण बसतो आणि जे पुस्तक सध्या हातात आहे त्याच्यावर बोलतो. फक्त त्याच्यावर. कुणाला आपल्या गावात असं काही सुरू करायचं असेल तर आमच्या पडझडीतून जे शिकायला मिळालं ते पायरीपायरीनं सांगतो.

आधी काय करू नये

आमचा पहिला प्रयत्न 'पुस्तक परिचय' नावानं झाला. दर महिन्याला एक वक्ता, एक अध्यक्ष, शाल, नारळ, सूत्रसंचालन. वक्त्यानं पुस्तक पूर्ण वाचून चाळीस मिनिटं बोलायचं. पहिल्या महिन्यात पंचवीस माणसं आली, दुसऱ्यात अकरा. तिसऱ्या महिन्यात वक्ता, मी, आणि कपबशा परत न्यायला थांबलेला चहावाला.

माणसं का आली नाहीत ते नंतर एकेकाला गाठून विचारलं. उत्तर एकच निघालं: "आमचं अजून वाचून झालं नव्हतं." म्हणजे वाचत होते, पण संपलं नव्हतं म्हणून लाजेनं घरी बसले. तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला.

खरं तर आपल्या गावांना ही सवय जुनी आहे. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. एकजण ओवी वाचणार, दुसरा अर्थ सांगणार. अध्याय संपला की आरती, आणि मग अंधारात घरी जाताना वाटेनं सगळी चर्चा: त्या राजानं असं का केलं, उद्या आता त्याचं काय होणार. पोथी संपू द्या, समाप्तीच्या जेवणानंतर मत सांगतो, असं कुणी म्हणत नव्हतं. रोजच्या अध्यायावर रोज बोलणं व्हायचं. आम्ही तीच रीत उचलली, फक्त पुस्तक प्रत्येकाचं वेगळं.

तर पहिला नियम हा: संपलेल्या पुस्तकाला एक वाक्य, चालू पुस्तकाला पाच मिनिटं.

माणसं कोण आणि किती

पाचाच्या खाली नको, नवाच्या वर नको. पाचाच्या खाली असले तर एकजण लग्नाला गेला की बैठक मोडते. नवाच्या वर गेले की भाषण सुरू होतं, कारण माणूस गर्दी बघून आवाज लावतो.

वाचणारी माणसं शोधायला सार्वजनिक वाचनालयात जा, पण कपाटांकडं बघू नका. परत आलेल्या पुस्तकांचा ढीग टेबलावर असतो तो बघा, आणि ग्रंथपालाला हळूच विचारा की ही कुणी परत केली. गावात खरोखर काय वाचलं जातंय ते त्या ढिगात कळतं. आम्हाला एक बसवाहक असेच सापडले. डेपोत गाडी लागेपर्यंत ते वाचतात आणि त्यांच्या प्रत्येक पुस्तकात खूण म्हणून तिकिटाचा तुकडा असतो.

गावातल्या सगळ्यात विद्वान माणसाला पहिल्या तीन बैठका बोलावू नका. राग येईल, येऊ द्या. तो आला की बाकीचे त्याच्या तोंडाकडं बघून बोलतात. चौथ्या बैठकीपर्यंत आमच्यातल्या टेलरमामांना आपलं म्हणणं मांडायची सवय झालेली असते, मग विद्वान आला तरी चालतो.

बायका येत नाहीत ही तक्रार सगळीकडं ऐकतो. आम्हीही केली. मग एका काकूंनी सांगितलं, "तुमी रात्री आठला बसताव. आठला भाकरी कोण थापावी?" वेळ चार ते साडेपाच केली, जागा दुकानाच्या वरच्या खोलीऐवजी एका सरांच्या घरची ओसरी केली. आता आठांत तीन बायका आहेत. त्यांपैकी एका आजींना बारीक अक्षर दिसत नाही. नात वाचून दाखवते आणि आजी मत सांगतात. त्यांचं वाचन आम्ही वाचनच धरतो. जनाबाईच्या गावात कानानं ऐकलेल्या शब्दाला कमी कोण म्हणणार?

वेळापत्रक शेतीवरून ठरवा

शहरातल्या पद्धतीनं 'दर रविवारी' ठरवलंत तर मोडेल. मृग लागला की, म्हणजे साधारण ७-८ जूनपासून, पेरणी उरकेपर्यंत बैठक नाही. सोयाबीन काढणीला आली की सप्टेंबरची अखेर आणि अर्धा ऑक्टोबर नाही. कापसाची वेचणी लांबते, पण वेचणीत माणूस संध्याकाळी मोकळा असतो. एप्रिल-मे लग्नाचे, तेव्हा तिथी बघून शनिवार धरा. डिसेंबर-जानेवारीत एक बैठक शेतात, हुरड्याला. तिथं पुस्तकावर फार बोलणं होत नाही, पण नवा माणूस हमखास तिथूनच मिळतो.

आमच्यातल्या एका शेतकऱ्याला कृषीपंपाची वीज आठवडाआड रात्रीची येते. तो रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जातो. एक सरी भरेपर्यंत बांधावर बसून डोक्याला लावलेल्या बॅटरीच्या उजेडात वाचतो. त्याच्या पुस्तकाच्या पानांवर चिखलाचे अंगठे आहेत. ग्रंथपालानं एकदा दंड लावतो म्हणून दम दिला, पण लावला नाही.

पुस्तकं आणायची कुठून

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे आणि मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अनुदान वर्गाप्रमाणं येतं. तुमच्या गावातलं ड वर्गाचं असेल तर तिथं नवी पुस्तकं थोडीच येणार, हे धरून चाला. पण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयाचं सभासद व्हायला कुणी अडवत नाही. अनामत आणि वर्गणी भरा. आठांतल्या तिघांनी तीन वेगवेगळ्या ग्रंथालयांचं सभासद व्हा, म्हणजे सगळ्यांची सोय होते. मागणीची यादी लेखी द्या. खरेदी होते तेव्हा ग्रंथपालापुढं कागद असला पाहिजे. तोंडी सांगितलेलं राहून जातं.

दिवाळीनंतर बऱ्याच ग्रंथालयांत दिवाळी अंकांची योजना असते. ठरलेली रक्कम भरायची आणि अंक बदलून बदलून न्यायचे. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'मनोरंजन'चा, १९०९ सालचा. चालू वाचनाच्या गप्पांना दिवाळी अंक फार सोयीचा. एक कथा वाचली तरी बोलता येतं.

फोनवर वाचणाऱ्यांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. हे मंडळ १९६० साली स्थापन झालं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष होते. मराठी विश्वकोशही तसाच उघडा आहे. बाकी चोरून फिरणाऱ्या पीडीएफ गटावर टाकू नका. मराठी पुस्तकाची आवृत्ती आधीच लहान असते, त्यात आपण अजून हात मारायचा का?

आणि घरात बघा. उस्मानाबादचं, म्हणजे आताच्या धाराशिवचं, २०२० चं साहित्य संमेलन आणि उदगीरचं २०२२ चं, या दोन्ही ठिकाणी ग्रंथप्रदर्शनातून पिशव्या भरभरून पुस्तकं आणलेली माणसं मला माहीत आहेत. त्यातल्या काही पिशव्यांची गाठ अजून सुटलेली नाही. माझीही एक होती. विकत घ्यायचंच असेल तर संभाजीनगरला औरंगपुऱ्यात एक चक्कर टाका. दुकानात उभ्यानं दहा पानं वाचा आणि मगच पैसे द्या.

वाचताना हातात पेन्सिल

बैठकीत बोलायला सुचत नाही याचं कारण वाचताना खूण केलेली नसते. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर त्यावर रेघोट्या ओढू नका. जुन्या बिलाच्या पाठकोऱ्या कागदाची चार बोटं रुंद पट्टी कापा आणि तीच खूणपट्टी करा. जिथं थांबलात, हसलात, कंटाळलात किंवा चिडलात तिथला पान नंबर पट्टीवर लिहा आणि पुढं दोनच शब्द. माझ्या मागच्या पट्टीवर होतं: "१४, भाकरीचा वास. ३१, हे खोटं वाटतं. ३१ परत, नाही खरं आहे. ५२, झोप आली. ५८, थोरला भाऊ = आमचे काका." एवढ्यावर पाच मिनिटं आरामात बोलता येतं. सारांश लिहून आणू नका. सारांश आणलेला माणूस कागदात बघून बोलतो आणि ऐकणारे भिंतीवरच्या घड्याळात बघतात.

बोलायचं कसं

इथं मी जरा थांबणार आहे, कारण सगळा खेळ इथं आहे.

टेलरमामांची गोष्ट सांगतो. ते रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' वाचत होते. १९७१ ची ही कादंबरी, एका खेड्यातल्या शिंप्याची बायको आपल्या बोलीत सांगते. मामा स्वतः शिंपी, म्हणून सरांनी मुद्दाम हातात दिलेली. पहिल्या दिवशी मामा म्हणाले, "छान हाय. गावाकडची भाषा हाय." आणि गप्प बसले. असं म्हटल्यावर पुढं काही बोलताच येत नाही. 'छान', 'भारी', 'वाचनीय', 'डोळ्यात पाणी आलं' हे शब्द आले की समजायचं, माणसानं अजून तोंड उघडलेलं नाही.

मी विचारलं, "मामा, कोणत्या पानावर आहात?" त्यांनी पुस्तक उघडलं. आत खूण म्हणून अस्तराच्या कापडाची पट्टी होती. म्हटलं, "तिथल्या चार ओळी वाचा." मामांनी चष्मा चढवला, बोट ठेवून वाचल्या. मग थांबले. परत तीच ओळ वाचली, या वेळी मनातल्या मनात. आणि म्हणाले, "ही बाई रडत न्हाई बघा. हिशोब मांडायलीय. माझी बायकू बी अशीच बोलती. मला ती कुरकुर वाटायची."

ओसरीवर कुणी काही बोललं नाही. चहा आला तेव्हा काकूंनी पहिला कप मामांना दिला.

पंधरा दिवसांनी मामा सत्तर-ऐंशी पानं पुढं गेलेले. त्या दिवशी म्हणाले, "एक सांगू का? आपण निस्तं तिचंच ऐकायलोय. शिंप्याला कुणी इचारलंच न्हाई." गोष्ट कोण सांगतंय आणि कुणाच्या बाजूनं, यावर समीक्षेची पुस्तकं भरली आहेत. मामांना ते आपल्या पायानं चालत सापडलं. पुस्तक पूर्ण वाचून एकदाच बोलले असते तर दोन मतांमधला हा पंधरा दिवसांचा प्रवास आम्हाला दिसला नसता. कदाचित त्यांनाही नसता.

म्हणून आमची बोलायची रीत अशी. आधी पुस्तकाचं नाव, लेखक आणि मी कितव्या पानावर आहे. मग पुस्तक उघडून चार ते दहा ओळी मोठ्यानं वाचायच्या. मग त्या ओळी वाचताना मला काय झालं ते सांगायचं. शेवटी पुढं काय होईल असं वाटतं. हा शेवटचा भाग लोक टाळतात, पण त्यात मजा फार. अंदाज चुकला की पुढच्या बैठकीला हसायला मिळतं, आणि लेखकानं आपल्याला कुठं फसवलं तेही कळतं.

ओळी पुस्तकातूनच वाचा, आठवणीतून नको. आठवणीतलं वाक्य आपण नकळत आपल्या सोयीचं करून घेतो. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली ती याच दुखण्यावर इलाज म्हणून. तोवरच्या हातोहात उतरलेल्या प्रतींत पाठ बिघडले होते. यापुढं जो यात आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा, अशी तंबीही त्यांनी देऊन ठेवली. आमच्या ओसरीवर कुणी "लेखक म्हणतो की..." असं पुस्तक न उघडता सुरू केलं की कुणीतरी हळूच म्हणतं, "नरोटी!" आणि बोलणारा पान शोधायला लागतो.

ऐकणाऱ्याचं काम

ऐकणाऱ्यानं सल्ला द्यायचा नाही, प्रश्न विचारायचा. आमचे चालणारे प्रश्न थोडेच आहेत: कोणतं पान? हे कोण सांगतंय? तुला राग आला तो पात्राचा की लेखकाचा? असं माणूस तू बघितलंयस का? इथं कंटाळा आला तर का आला, वाक्यं लांब होती की तू दमला होतास? हा शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण दिवसभर फवारणी करून आलेल्या माणसानं रात्री दहाला वाचलेलं पुस्तक रटाळ ठरवणं हा पुस्तकावर अन्याय आहे.

ज्यानं ते पुस्तक आधीच वाचलंय त्याच्यावर लक्ष ठेवा. त्याच्या पोटात पुढची गोष्ट राहत नाही. आमच्यात एकानं रहस्यकथेतला खुनी दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकला. वाचणाऱ्या पोरानं पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं आणि पुढच्या दोन बैठका आला नाही. तेव्हापासून आधी वाचलेल्याला बोलायची परवानगी फक्त एका शब्दाची: "वाच." तोंडावरचे भावही आवरायचे.

तापलेल्या विषयांचं काय

हे टाळून चालणार नाही. मराठवाड्यात पुस्तक उघडलं की इतिहास उघडतो. भारत सरकारच्या लष्करी कारवाईनं, म्हणजे 'पोलीस ॲक्शन'नं, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं म्हणून नामांतराचा लढा चालला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. दोन्ही गोष्टी अनुभवलेली किंवा घरात ऐकलेली माणसं ओसरीवर शेजारी शेजारी बसलेली असतात. शिवाय आरक्षण, देव, पुढारी. गप्पा मोडायला एक वाक्य पुरतं.

आमच्यात एकदा मोडता मोडता राहिल्या. एक निवृत्त सर मुक्तिसंग्रामावरचं पुस्तक वाचत होते. त्यांचे आजोबा तेव्हा निजामाशी लढणाऱ्यांच्या हद्दीवरच्या कॅम्पात होते. सर वाचता वाचता पुस्तक सोडून आजोबांवर आले, आवाज चढला, हात हलायला लागले. समोर घड्याळं दुरुस्त करणारे चाचा बसलेले. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "सर, आमच्या घरात त्या सालाला पोलीस ॲक्शनचं साल म्हणतात. माझी आजी त्याच्याबद्दल बोलायचीच नाही. विचारलं की उठून आत जायची." सर थांबले. मग त्यांनी पुस्तक परत उघडलं आणि विचारलं, "चाचा, यात त्याच्यावर काही आहे का बघू?" दोघांनी मिळून अनुक्रमणिका चाळली.

त्या दिवसापासून आम्ही तीन शब्द वापरतो: पानावरचं, घरातलं, ऐकलेलं. बोलताना आधी सांगायचं की हे यांपैकी काय आहे. पानावरचं असेल तर पान दाखवा. घरातलं असेल तर ऐकून घ्यायचं, खोडायचं नाही. ऐकलेलं असेल तर बाजूला ठेवायचं. भांडणं नव्वद टक्के तिसऱ्या प्रकारातून निघतात, हा आपला माझा अंदाज. आणि लेखकाच्या आडनावावरून मत नको. कुणी पुस्तकाचं नाव ऐकून आधी आडनाव विचारलं तर आम्ही उत्तरच देत नाही, पहिलं पान वाचून दाखवतो.

पुस्तक सोडायचं कधी

बियाणं विकतो म्हणून ही उपमा सुचते. सोयाबीन पेरायच्या आधी घरच्या घरी उगवण तपासतात. शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवडाभरात कोंब मोजायचे. सत्तरच्या वर आले तर बियाणं पेरायला चांगलं. पुस्तकाला मी चाळीस पानं देतो. चाळीस पानांत माझ्या पट्टीवर तीनही नंबर पडले नाहीत तर पुस्तक परत. घरात तसं चालत नाही. पोथीचा अध्याय अर्धा सोडला की आई आजही रागावते. पण कादंबरी म्हणजे पोथी नव्हे.

सोडलं तर बैठकीत सांगायचं: कितव्या पानावर सोडलं आणि का. याची लाज नको. उलट सोडलेल्या पुस्तकावरच्या गप्पा आमच्याकडं सगळ्यात रंगतात. एकदा असं झालं की मी बेचाळीसाव्या पानावर सोडलेली कादंबरी काकूंनी उचलली आणि वर्षातली सगळ्यात आवडती ठरवली. मी ज्या लांबलचक स्वयंपाकघराच्या वर्णनाला कंटाळलो होतो तिथंच त्या अडकल्या. "तुमाला चूल कुठं ठाऊक हाय," म्हणाल्या. बरोबर होतं.

फोनवरचा गट ठेवा, पण गटावर चर्चा नको. तिथं फक्त बैठकीची वेळ आणि पानाचा फोटो. शुभ सकाळ टाकणाऱ्याकडून पुढच्या बैठकीचा चहा.

वही

शंभर पानी वही घ्या, दोऱ्यानं पेन बांधा. दर बैठकीला तारीख टाका आणि प्रत्येकाची एक ओळ: कोण, कोणतं पुस्तक, कितवं पान, आणि त्या दिवशी बोललेलं एक वाक्य. लिहायचं काम अभ्यासिकेतल्या पोरांना द्या. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत त्यांना गोष्टीचं पुस्तक वाचायला वेळ नसतो, पण एका वाक्यात मुद्दा पकडायला ती पटाईत असतात. आणि हळूहळू वही लिहिणारा पोरगाच एखादं पुस्तक मागून नेतो.

वर्षभरानं वही चाळली की काही गोष्टी दिसतात. बसवाहक तीन बैठका एकाच पानावर असतात तेव्हा त्यांची ड्यूटी बदललेली असते. आजींच्या ओळीत सलग दोन महिने पान पुढं सरकत नाही, कारण नात परीक्षेला परभणीला गेलेली. आता त्यांना वाचून दाखवायला आम्ही पाळी लावली आहे, बुधवारी माझी असते.

मागच्या वर्षी जूनच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी आभाळ फुटलं. दुकानात बियाण्यासाठी रांग, ओसरीवर कुणीच नाही. वही माझ्याकडं होती म्हणून गल्ल्यावर उभ्यानंच लिहिलं: "पाऊस. बैठक नाही. मामा ११२, काकू ६०, सर ४१, चाचा ४१ (तेच पुस्तक), मी ९." पेरणी उरकल्यावर पहिल्या बैठकीला आम्ही सुरुवात त्याच ओळीपासून केली. मामांनी पुस्तक उघडलं तर त्यांची पट्टी अजून ११२ वरच होती.